ऐनावरचें रेशीम आणि घरांतला पिंजरा

कल्याण जंक्शन सोडून कसाऱ्याच्या दिशेनें निघालेली लोकल गाडी थोड्याच मिनिटांत शहाडच्या फलाटाला लागते. उल्हास नदीच्या परिसरांतलें हें गांव भाविकांना तेथील विठ्ठलमंदिरामुळें ठाऊक आहे. व्यापारी लोकांना मात्र तें धाग्यामुळें ठाऊक आहे. १९५६ सालीं येथें सेंचुरी रेयॉनचा कारखाना स्थापन झाला, आणि लांकडाच्या लगद्यापासून चकचकीत, मुलायम असा तंतु निघूं लागला. लोकांनीं त्याला ‘कृत्रिम रेशीम’ हें नांव दिलें. लगदा कॉस्टिक सोड्यांत भिजवावयाचा, कार्बन डायसल्फाइडच्या योगानें त्याचा मधासारखा दाट द्राव करावयाचा, आणि तो अतिसूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या हौदांत सोडावयाचा, अशी ती कृति. द्राव छिद्राबाहेर पडतांच घट्ट होतो व त्याचा अखंड तंतु बनतो.

शहाडहून मुरबाडच्या रस्त्याला लागलें, कीं कांहीं वेळानें डोंगरउतारावर ऐनाचीं झाडें दिसूं लागतात. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेल्या या झाडावर पावसाळ्यांत एक हिरवीगार अळी पानें खात असते. तिच्या ओठाखालीं एक बारीक छिद्र असतें. त्यांतून ती दाट द्राव सोडते. ओढ बसतांच तो घट्ट होतो आणि त्याचाहि अखंड तंतु बनतो. युक्ति एकच, परंतु वस्तु मात्र दोन. कारखान्याचा तंतु काष्ठद्रव्याचा, म्हणून तो जाळला तर जळत्या कागदासारखा वास येतो. अळीचा तंतु प्रथिनाचा, म्हणून तो जळतांना जळत्या केसासारखा वास येतो. लुगडें खरोखर रेशमी आहे कीं नाहीं, याची ही परीक्षा कोणत्याहि घरांत दोन दोरे काढून करतां येते.

ही अळी म्हणजे टसर रेशमाच्या पतंगाचें बालरूप होय. शास्त्रज्ञ या जातीला ‘अँथेरिया मायलिटा’ म्हणतात. तुतीचीं पानें खाणारा रेशीमकिडा सर्वांच्या परिचयाचा आहे. पण तो मूळचा चीनचा, आणि हजारों वर्षांच्या पाळणुकीनें तो पुरता परावलंबी झालेला आहे. त्याच्या पतंगाला पंख असून उडतां येत नाहीं. अळीला पानें घालणारा हात नसेल तर तिला जगतां येत नाहीं. टसरचें तसें नाहीं. मनुष्यानें त्याच्या कोशांचें वस्त्र कित्येक शतकें विणलें, तरी तो रानचा राहिला. पाणिनीच्या व्याकरणांत ‘कौशेय’ या शब्दाची सिद्धि दिलेली आहे, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कौशेयाचा व चिनी पट्टवस्त्राचा निर्देश निरनिराळा केलेला आढळतो. तुती, टसर, एरी आणि मुगा हीं चारहि रेशमें आपल्या भूमींत निर्माण करणारा देश जगांत एकटा भारतच आहे. मराठी भाषेंत कोशाला ‘कोसला’ हा शब्द आहे, व विदर्भांत टसरच्या कापडाला अद्यापि ‘कोसा’ म्हणतात.

असा हा रानचा जीव शहाड-कल्याणच्या एखाद्या घरांत, गच्चीवर किंवा अंगणांत, पाळतां येईल काय, आणि नुसता पाळूनच नव्हे तर त्याची पुढची पिढी तेथें निपजवितां येईल काय, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे. प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. अळी वाढविणें हें चिकाटीचें काम आहे, इतकेंच. खरी अडचण पुढें, पिढी चालविण्यांत येते.

हा प्रयत्न महाराष्ट्रांत नवा नाहीं. १८७० नंतरच्या वर्षांत पुण्यास मेजर कूसमेकर या इंग्रज अधिकाऱ्यानें टसरचे पतंग पाळून पाहिले. त्याच सुमारास इंग्लंडांत लीक येथील रंगारी टॉमस वॉर्डल हे टसरच्या धाग्याला रंग कसा चढवावा याच्या शोधांत होते. त्यांनीं १८७८ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत भारतीय टसरचे नमुने मांडले, आणि युरोपांत या धाग्याला मागणी आली. कूसमेकर यांचा प्रयत्न मात्र धंदा म्हणून पश्चिम महाराष्ट्रांत रुजला नाहीं. पुढें कारवारच्या अरण्यांत वनाधिकारी असलेले टी. आर. बेल यांनीं फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या असंख्य अळ्या घरीं वाढविल्या व त्यांचें चरित्र नोंदविलें. १९३७ सालीं स्कॉट यांच्यासह त्यांनीं लिहिलेला पतंगांच्या एका कुळावरील ग्रंथ या घरगुती परिश्रमांतूनच उभा राहिला. विदर्भांत भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत तर ढिवर समाजाचीं कुटुंबें पिढ्यान् पिढ्या टसर वाढवीत आलीं आहेत. तीं अळ्यांना घरांत आणीत नाहींत. अळ्या झाडावर सोडून स्वतःच झाडाखालीं जाऊन राहतात. घरीं पतंग पाळूं इच्छिणाऱ्यानें प्रथम ध्यानांत घ्यावयाची गोष्ट हीच आहे.

आरंभ कोशापासून करावा लागतो. टसरचा कोश कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, पिवळसर-करडा आणि लांकडासारखा कठीण असतो. त्याला एक लांब देंठ असतो व त्याच्या टोंकाच्या कडीनें तो फांदीला घट्ट बांधलेला असतो. पानगळ झाल्यावर उघड्या फांदीवर लोंबणारे कोश सहज नजरेस पडतात, आणि ते तोडण्याचा मोह होतो. येथें थांबावयास पाहिजे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यांत वनोपजाची जी व्याख्या आहे तींत वनांतील रेशीम आणि कोश यांचा स्पष्ट उल्लेख आहे; तेव्हां राखीव जंगलांतून ते परवानगीवांचून आणणें हा सहज छंद नसून अपराध ठरूं शकतो. स्वतःच्या आवारांतील किंवा मालकाच्या संमतीनें त्याच्या बांधावरील झाडावरचे दोनचार कोश घरगुती अभ्यासास पुरेसे होतात.

आणलेले कोश हवेशीर सावलींत, चुलीच्या आंचेपासून दूर, देंठानें टांगून ठेवावे. आंतला जीव हिंवाळा व उन्हाळा निजून काढतो आणि पावसाची चाहूल लागली म्हणजे जागा होतो. कोशाला दार नसतें. पतंग आपल्या तोंडावाटे एक द्राव सोडून कोशाचें टोंक भिजवितो, तेथील डिंक सैल करतो, आणि तंतु बाजूस सारून संध्याकाळच्या सुमारास बाहेर येतो. त्या वेळीं त्याचे पंख चुरगळलेल्या कागदासारखे असतात. त्याला वर चढून लोंबतां येईल अशी खडबडीत काठी किंवा जाळी जवळ नसेल, तर पंख तसेच वाळतात व तो जन्माचा पांगळा होतो. म्हणून पिंजरा मोठा असावा. मच्छरदाणीच्या कापडाचा, निदान दीड हात उंचीचा असावा. नर तांबूस-तपकिरी, पिसासारख्या रुंद मिशांचा; मादी थोराड, पिवळट किंवा करडी. दोघांच्याहि प्रत्येक पंखावर एकेक पारदर्शक डोळा असतो. या पतंगाला खातां येत नाहीं. त्याचें तोंड निरुपयोगी असतें. अळीनें सांठविलेल्या शिदोरीवर तो आठवडाभर जगतो, आणि तेवढ्यांतच त्याला वंश चालवावयाचा असतो.

येथें घरगुती पाळणुकीची पहिली गांठ पडते. एकाच मादीच्या अंड्यांतून वाढलेले पतंग एकाच पिंजऱ्यांत असले, तर भावाबहिणींचाच संयोग होतो. दोनतीन पिढ्या असें झालें म्हणजे अंडीं कमी उबतात, अळ्या दुबळ्या होतात, आणि पाळणारा आपल्या काळजींत उणें कोठें पडलें याचा शोध करीत बसतो. दोष काळजीचा नसतो, बंद दाराचा असतो. यावर जुना व सोपा उपाय असा, कीं मादी जाळीच्या लहान पिंजऱ्यांत घालून तो रात्रीं बाहेर, झाडाच्या फांदीला टांगावा. मादी अंगांतून एक सूक्ष्म गंध सोडते. माणसाच्या नाकाला तो कळत नाहीं, परंतु रानांतला नर आपल्या पिसांसारख्या मिशांनीं तो दूरवरून ओळखतो व वाऱ्याच्या उलट दिशेनें उडत येतो. सकाळीं पिंजऱ्याच्या बाहेर नर बसलेला दिसला, तर त्या घराजवळ अजून रान उरलें आहे असें समजावें. कित्येक रात्री गेल्या आणि कोणीच आलें नाहीं, तर तेंहि एक उत्तरच होय. रस्त्यावरचे प्रखर विजेचे दिवे पतंगांना भुलवितात. तेव्हां पिंजरा दिव्यांपासून दूर असावा.

मादी दोनतीन रात्रींत दीडशें ते अडीचशें अंडीं घालते. तीं उबण्यास आठदहा दिवस लागतात. मधल्या काळांत करावयाचें एक काम पुष्कळ हौशी लोक टाळतात, व तेंच सर्वांत महत्त्वाचें आहे. गेल्या शतकाच्याहि आधीच्या शतकांत फ्रान्समधील रेशमाचा धंदा पेब्रिन नांवाच्या रोगानें बुडूं लागला, तेव्हां १८६५ सालीं लुई पाश्चर यांच्याकडे त्याचा शोध सोंपविण्यांत आला. रोगाचे जंतु आईच्या शरीरांतून अंड्यांत उतरतात असें त्यांनीं दाखविलें व उपाय सांगितला तो असा: प्रत्येक मादीचीं अंडीं वेगळीं ठेवावीं, अंडीं घालून ती मेली म्हणजे तिचें शरीर थोड्या पाण्यांत घोटून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावें, लंबगोल, चकचकीत बीजाणु दिसले तर तिचीं सर्व अंडीं जाळून टाकावीं. टसरलाहि याच जातीचा रोग होतो आणि उपायहि हाच आहे. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शक या कामास पुरतो. योगायोग असा, कीं रेशमावरील त्याच संकटाच्या काळांत शार्दोने या फ्रेंच गृहस्थाच्या मनांत कृत्रिम तंतूचा विचार घोळूं लागला. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यांनीं तो लोकांपुढें मांडला, आणि १८९२ सालीं इंग्लंडांत क्रॉस व बेव्हन यांनीं जी दुसरी रीत शोधली तीच पुढें शहाडला आली. एका अळीच्या आजारानें अशा रीतीनें दोन वाटा फुटल्या: एक अळीला वांचविण्याची, दुसरी अळीवांचून काम भागविण्याची.

अंड्यांतून बाहेर पडलेली अळी प्रथम आपलेंच टरफल कुरतडते, मग कोवळ्या पानाकडे वळते. तिला ऐनाचें किंवा अर्जुनाचें पान सर्वांत मानवतें, बोरीचेंहि चालतें. एकदां एका झाडाच्या पानावर लावलेली अळी मध्येंच दुसऱ्यावर नेऊं नये. डहाळी पाण्याच्या बाटलींत ठेवावी व बाटलीचें तोंड कापसानें बंद करावें, नाहींतर अळ्या देंठावरून उतरून पाण्यांत बुडतात. याहून चांगली रीत म्हणजे जिवंत झाडाच्या फांदीलाच जाळीची पिशवी चढवून तींत अळ्या सोडणें. पान ताजें राहतें, ऊन-वारा-पाऊस यांची संवय राहते, आणि विष्ठा खालीं गळून जाते. घरांत ठेवलेल्या अळ्यांची विष्ठा रोज काढावी. गर्दी होऊं देऊं नये. दाटी आणि कोंदट हवा यांनीं जितक्या अळ्या मरतात तितक्या उपाशी राहूनहि मरत नाहींत. मेजाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवल्या म्हणजे मुंग्या चढत नाहींत. पाली, गांधीलमाश्या, अळीच्या अंगावर अंडें घालणारी उझी माशी, आणि सोंड खुपसून रस शोषणारे ढेकणाच्या कुळांतले किडे हे इतर वैरी होत.

अळी चार वेळां कात टाकते. कात टाकण्यापूर्वी ती खाणें सोडून डोकें उचलून निश्चल बसते. त्या वेळीं ती आजारी आहे असें समजून तिला हलविणें म्हणजे तिला मारणेंच होय. पावसाळ्यांत तीसचाळीस दिवसांत, थंडींत याहून पुष्कळ अधिक काळानें, ती वितीपेक्षां थोडी कमी लांब व बोटापेक्षां जाड होते. जन्मवेळेच्या कित्येक हजार पट वजन झालेली, हिरव्या अंगावर चांदीसारखे ठिपके मिरविणारी ती अळी पाहून घरांतलीं मुलें थक्क होतात. मग एके दिवशीं ती पोट रिकामें करते, दोन पानें जवळ ओढते, फांदीभोंवतीं कडी विणते, आणि देंठ लोंबवून त्याच्या टोंकाशीं स्वतःला कोंडून घेते. पहिला दिवस ती आंत काम करतांना धूसर दिसते. पुढें कांहींच दिसत नाहीं.

आतां दुसरी गांठ. कोश तयार झाला. त्यांत शेंकडों मीटर लांबीचा तंतु आहे. तो अखंड काढावयाचा तर आंतला जीव बाहेर पडण्यापूर्वीच वाफेनें किंवा उष्णतेनें मारावा लागतो, व मग कोश सोड्याच्या पाण्यांत उकळून मऊ करावे लागतात. मराठी घरांत मुकटा, कद, पीतांबर हीं वस्त्रें सोंवळ्याचीं मानिलीं आहेत. देवघरांत नेसावयाच्या वस्त्रासाठीं किती कोश उकळले गेले याचा हिशेब मात्र कोणी केलेला नाहीं. ज्यांनीं अळीला हातानें पानें घातलीं, त्या घराला तो हिशेब टाळतां येत नाहीं. कोणाची निंदा करण्याचा हा प्रसंग नव्हे. रानांत राबणाऱ्या कुटुंबाच्या पोटाचा प्रश्न त्या कोशांवर अवलंबून असतो, आणि तेंहि बियाण्यासाठीं कांहीं कोश राखून त्यांतून पतंग बाहेर येऊं देतेंच. अशा फुटलेल्या कोशांतील तंतु गुंडाळून काढतां येत नाहीं. पण कापसाप्रमाणें तो ओढून कांततां येतो. त्या जाडसर, गांठीगांठींच्या सुताला ‘घिच्चा’ म्हणतात. घरगुती पाळणुकीला हाच मार्ग शोभतो: पतंग जाऊं द्यावा आणि रिकामा कोश ठेवून घ्यावा. दहाबारा रिकाम्या कोशांतून मुलांच्या हातून कांतलेला हातभर धागा बाजारांत कवडीमोल ठरेल. परंतु त्या घराला धाग्याची किंमत त्यानेंच कळते.

राहिली तिसरी गांठ, ती पतंग सोडण्याची. निसर्गांत दोनशें अंड्यांतून सरासरीनें दोनच जीव पुढची पिढी निर्माण करण्यापर्यंत पोंचले, तरी जातीची संख्या कायम राहते. बाकीच्यांवर पक्षी, गांधीलमाश्या, मुंग्या यांची गुजराण होते. म्हणून घरीं पन्नास वांचविले याचा अभिमान नसावा, आणि तेवढे सर्व एका झाडावर सोडूं नयेत. ज्या झाडावरून कोश आणला त्याच परिसरांत थोडे सोडावे. बाहेरगांवाहून आणलेलें बियाणें मात्र केव्हांहि सोडूं नये, आणि त्याची मादी रात्रीं बाहेर टांगूंहि नये. टसर ही एकच जाति असली तरी तिचीं स्थानिक वाणें अनेक आहेत; भंडाऱ्याचें वाण त्याच नांवानें ओळखलें जातें. कोणाचा कोश मोठा, कोणाची पिढी वर्षांतून एकदांच, कोणाच्या दोन किंवा तीन. ज्या पावसाला, ज्या पानाला जें वाण शतकानुशतकें जुळलेलें आहे, त्यांत दुसरीकडचें रक्त मिसळलें तर जुळणी बिघडते. प्रेमानें केलेली ही चूक रोगाइतकीच नुकसानकारक होऊं शकते.

या तीनहि गांठी पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. तुतीचा किडा माणसाच्या घरांत आला आणि घराचाच होऊन राहिला. टसरच्या पतंगाला घर मानवत नाहीं. त्याला नर बाहेरचा लागतो, पान जिवंत झाडाचें लागतें, जागें होण्यास पाऊस लागतो. त्याला पाळावयाचें म्हणजे घरालाच थोडें रानाच्या कलानें चालावें लागतें: दिवे मालवावे लागतात, खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि आवारांत एक ऐन किंवा अर्जुन लावून त्याची वाट पाहावी लागते. ज्यांना इतकें साधणार नाहीं त्यांनीं एरंडाच्या पानांवर जगणारा एरीचा किडा पाळावा. तो आसामांतला, पुरता माणसाळलेला. त्याच्या कोशाचें तोंड मुळांतच उघडें असल्यानें पतंगाला न मारतां सूत कांततां येतें. अभ्यासास तो उत्तम आहे; फक्त तो या डोंगरांचा नव्हे.

ठाणें जिल्ह्यांत इमारती उठत आहेत आणि ऐनाचीं झाडें मागें हटत आहेत. झाड गेलें कीं कोश जातो, आणि कोश गेला कीं रात्रीं टांगलेल्या पिंजऱ्याकडे कोणी येत नाहीं. शहाडच्या एखाद्या घरानें मृगाच्या सरींनंतर एक मादी गच्चीवर टांगावी व पहांटे उठून पाहावें. बाहेरच्या बाजूनें जाळीला बिलगलेला तांबूस पतंग तेथें दिसला, तर मुरबाडच्या बाजूला अद्याप कांहीं झाडें उभीं आहेत, एवढी बातमी त्या घराला मिळेल. ती बातमी पुढच्या वर्षींहि यावी असें वाटत असेल, तर त्याच पावसाळ्यांत ऐनाचें एक रोप लावण्यास उशीर करूं नये.